पडक्या वाड्यात धान्यघर उभं करताना

जुन्या वाड्यात धान्याचं संग्रहालय करायचं असेल, तर आधी सिमेंटची गोणी दारातच अडवा. आमच्या सोलापूर भागातली माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची घरं मातीची. या भिंती ओल घेतात आणि सोडतात. वर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून सुटत जाते. त्यापेक्षा माती, शेण आणि गव्हाचं भुसकट कालवून मुरू द्या, अधूनमधून तुडवा, मग लिंपा.

भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी असेल, तर ती कपाट म्हणून वापरू नका. वरच्या तोंडातून खरीच ज्वारी ओता, खालच्या भोकातून काढून दाखवा. पाटीवर नुसतं ‘ज्वारी’ लिहू नका. मालदांडी वाणाची असेल तर मालदांडी, आणि कुणाच्या रानातली तेही. सुगीला जुनं धान्य काढून नवं भरा, नाहीतर पोरकिडे होतील.

अंगणात पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं तळघर सापडलं, तर मात्र कुणालाही आत उतरवू नका. बंद पेवातल्या हवेत माणूस गुदमरतो. म्हणून तर जुनी माणसं आधी पेटता कंदील खाली सोडायची, विझतो का ते बघायला. तोंडावर भक्कम जाळी बसवा, वरून उजेड सोडा.

माझा खरा जीव जात्यात. कोपऱ्यात फुलं वाहून ठेवलेलं जातं मला बघवत नाही. जात्याची पाळी, म्हणजे दळणारा दगड गुळगुळीत झाला असेल, तर पाथरवटाकडून टाकी लावून घ्या. पहिलं दळण टाकून द्यायचं, त्यात दगडाची कच उतरते. मग ओव्या येणाऱ्या आजींना दळायला बसवा आणि आवाज टिपून ठेवा, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावागावासकट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या; तुमच्या गावच्या त्यात असतीलच असं नाही.

जर्मनीतल्या उल्म शहरात १५९२ सालच्या मिठाच्या कोठारात पावाचं संग्रहालय आहे. १९५५ साली ते स्थापणाऱ्यांनी खरा पाव मात्र मांडला नाही. तो रोज ताजा करून खायचा, हे त्यांचं म्हणणं. मला ते पुरतं पटतं. म्हणून भाकरी काचेत ठेवू नका, चूल पेटवा आणि येणाऱ्याला थापायला लावा. पीठ त्याच दिवशी दळलेलं घ्या. विरी, म्हणजे चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते. तसं पीठ असलंच तर कढत पाण्यात मळा.