सी भाषेत स्ट्रिंग वाचताना आणि ताडून पाहताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे नाव विचारून ते यादीत आहे की नाही हे सांगणारा छोटा प्रोग्राम मी नवशिक्या विद्यार्थ्यांकडून आवर्जून लिहून घेतो. तालुके अवघे ११, तरी स्ट्रिंगच्या बहुतेक चुका या एकाच प्रोग्रामात भेटतात. इंग्रजी लिपीत ‘बार्शी’ अचूक टाइप करूनही पडद्यावर ‘तालुका सापडला नाही’ असे उमटते आणि विद्यार्थी बिचारा स्पेलिंग तपासत बसतो.

पहिला संशय == या चिन्हावर घ्यावा. सी भाषेत स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ आणि तिच्या शेवटी शून्य किमतीचे नल कॅरेक्टर. ही ओळ मेमरीतील घरांच्या ज्या रांगेत ठेवतात, ती म्हणजे ॲरे. तुलनेत ॲरेचे नाव लिहिले की त्याचा अर्थ त्या ओळीतील पहिल्या अक्षराचा पत्ता असा होतो; म्हणून == ने शब्द नव्हे, तर मेमरीतील दोन पत्ते ताडले जातात, आणि दोन वेगळ्या ॲरेंचे पत्ते कधीच सारखे नसतात. प्रोग्रामातच लिहिलेले दोन सारखे शब्द मात्र कंपायलर कधीकधी एकाच जागी ठेवतो. तेव्हा उत्तर बरोबर येते आणि चुकीची पद्धत मनात घट्ट बसते. ही फसगत मला सर्वांत घातक वाटते.

तुलनेसाठी स्ट्रसीएमपी हे फंक्शन वापरावे. शब्द सारखे असतील तर ते ० देते, आणि सी भाषेत ० म्हणजे असत्य. म्हणून इफच्या कंसात नुसते स्ट्रसीएमपी लिहिले तर अट नेमकी उलटी होते. उत्तर शून्याशी ताडूनच पाहावे. शब्द वेगळे असल्यास उत्तर ऋण किंवा धन येते, पण ते -१ किंवा १ च असेल असे गृहीत धरू नये.

एवढे करूनही बार्शी सापडत नसेल, तर दोष वाचनात असतो. एफगेट्स हे वाचनाचे फंक्शन संपूर्ण ओळ वाचते आणि एंटर दाबल्याने आलेले न्यूलाइनही ॲरेत ठेवते. वाचलेला शब्द चौकोनी कंसांत छापून पाहावा: शेवटचा कंस पुढच्या ओळीवर गेला, तर न्यूलाइन चिकटलेले आहे. इंग्रजीतील बार्शीची अक्षरे ६, पण लांबी मोजणारे स्ट्रलेन ७ सांगते. स्ट्रसीएसपीएनने न्यूलाइनची जागा शोधून तेथे नल कॅरेक्टर ठेवले की प्रश्न मिटतो.

स्कॅनएफ या दुसऱ्या वाचन-फंक्शनमध्ये ही अडचण येत नाही, पण शब्द वाचण्यासाठी त्यात लिहायची पर्सेंट-एस ही खूण रिकाम्या जागेपाशी थांबते. ‘साउथ सोलापूर’ टाइप केल्यास ॲरेत फक्त ‘साउथ’ जाते. उरलेले ‘सोलापूर’ इनपुटमध्ये पडून राहते आणि गावाचे नाव विचारणारा पुढचा स्कॅनएफ न थांबता तेच उचलतो. शिवाय जागेची मर्यादा सांगावी लागते: २० घरांच्या ॲरेसाठी पर्सेंट आणि एस यांच्या मध्ये १९ लिहावे, कारण एक घर नल कॅरेक्टरचे असते.

गेट्स हे फंक्शन तर वापरूच नये. ते किती अक्षरे वाचायची हे विचारतच नाही. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने याच उणिवेचा फायदा घेतला होता, आणि २०११ च्या सी मानकातून ते काढून टाकण्यात आले. जुन्या कंपायलरवर ते आजही चालते, म्हणून वह्यांतून ते उतरवले जाते.

स्कॅनएफने वय वाचून लगेच एफगेट्सने नाव वाचले, तर नाव रिकामे येते, कारण वयानंतरचे न्यूलाइन मागे उरलेले असते. त्यावर उरलेले इनपुट पुसण्यासाठी एफफ्लश या फंक्शनमध्ये एसटीडीइन (म्हणजे कीबोर्डवरून येणारे इनपुट) देण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, परंतु मानकानुसार त्याचा परिणाम निश्चित नाही. त्याऐवजी प्रत्येक ओळ एफगेट्सनेच वाचावी आणि आकडा त्या वाचलेल्या ओळीतून एसस्कॅनएफने वेगळा काढावा.

नाव देवनागरीत घेताना आणखी जागा लागते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, उकार ही वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘सोलापूर’ मध्ये अशी ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. २० घरांच्या ॲरेत एफगेट्स १९ बाइटच वाचते: ‘सोलापू’ चे १८ आणि ‘र’ चा पहिला एक. पडद्यावर ‘सोलापू’ पुढे तुटके चिन्ह दिसते. न्यूलाइन आणि नल कॅरेक्टर धरून येथे किमान २३ घरे हवीत. मी सरळ ६४ ठेवायला सांगतो.