डेटाबेसमधली यादी स्प्रेडशीटमध्ये न बिघडवता कशी आणावी

देवगड किंवा राजापूरकडच्या एखाद्या आंबा बागायतदाराची जमीन सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ मध्ये असते. सोसायटीच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीत, त्याच्या नावापुढे ‘१२/३’ अशी नोंद असते. फळपीक विम्यासाठी सभासदांची यादी कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट केली की त्या जागी १२ मार्च दिसतो. संगणकाची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर ३ डिसेंबर. ‘११२/३’ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण ११२ तारखेचा दिवस कुठल्याच महिन्यात नसतो. म्हणून यादी वरवर ठीक वाटते आणि चूक पुढे जाते. कोकणात जमिनीचे इतके बारीक हिस्से पडले आहेत की अशा नोंदी प्रत्येक गावाच्या यादीत सापडतात.

इथे फक्त दिसणं बदललेलं नसतं, मूळ मजकूरच गेलेला असतो. तो रकाना नंतर ‘टेक्स्ट’ केला तर १२/३ परत येत नाही, ४५३६३ सारखा आकडा येतो. १२ मार्च २०२४ ही तारीख एक्सेल आपल्या मोजणीत तशी साठवतं. म्हणून फॉरमॅट ठरवायचा तो पेस्ट करण्याआधी. हे एकच पथ्य पाळलं तर बहुतेक त्रास टळतो.

आधी रकाने वाचा

यादीतल्या प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: याची बेरीज कुणी करणार आहे का? कर्जाची रक्कम, पेट्यांची संख्या, डिझेलचे लिटर यांची बेरीज होते, ते खरे आकडे. खाते क्रमांक, आधार क्रमांक, दूरध्वनी, सर्व्हे-हिस्सा यांची बेरीज कुणी करत नाही. आकड्यांत लिहिलेली ती नावंच आहेत, आणि त्यांना ‘टेक्स्ट’ म्हणूनच वागवायचं.

न वागवल्यास काय होतं, तेही पाहा. रत्नागिरीचा दूरध्वनी संकेतांक ०२३५२ असेल तर पुढचं शून्य गळतं. बारा आकडी आधार क्रमांक १.२३ई+११ असा काहीतरी दिसू लागतो. सोळा आकडी खाते क्रमांकाचं नुकसान सर्वांत मोठं, कारण एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच जपतं आणि सोळाव्या जागी शून्य ठेवतं. पैसे जमा करायच्या यादीत असा खाते क्रमांक गेला तर व्यवहार परत येतो, नाहीतर भलत्याच खात्यात जातो.

मग पेस्ट करा

रिकामी शीट उघडा. नावासारखे जे रकाने ठरवले ते निवडून कंट्रोल आणि १ दाबा, ‘नंबर’ टॅबमध्ये ‘टेक्स्ट’ निवडा आणि ओके करा. बाकीचे रकाने ‘जनरल’ राहू द्या. रकान्यांचा क्रम डेटाबेसमधल्या क्रमाशी जुळतो ना, हे पाहून घ्या. एक रकाना इकडेतिकडे झाला तरी सगळी तयारी वाया जाते.

यादी कुठून कॉपी केली यावर पुढचं अवलंबून आहे. डेटाबेसच्या प्रोग्रॅममधल्या ओळी-रकान्यांच्या जाळीतून कॉपी केली असेल तर बहुतेक वेळा साधा मजकूर येतो आणि नेहमीचा कंट्रोल-व्ही पुरतो. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पोर्टलवरून कॉपी केली असेल तर सोबत रंग, फॉन्ट, लिंका, जोडलेले सेल असं सगळं येतं, आणि तुम्ही केलेला ‘टेक्स्ट’ फॉरमॅट पुसला जातो. तिथे राइट क्लिक करून ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ घ्या, किंवा ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘टेक्स्ट’ निवडा. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधून कॉपी केल्यावर शीर्षकाच्या ओळीला राखाडी पट्टा येतो, तोही याच मार्गाने टळतो.

गूगल शीट्समध्ये आधी फॉरमॅट, नंबर, ‘प्लेन टेक्स्ट’ करा आणि मग कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये मला ही सोय जास्त आवडते: ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ निवडलं की एक खिडकी उघडते आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार तिथेच ठरवता येतो. ज्या संस्थांना एक्सेलचा परवाना परवडत नाही, त्यांनी कॅल्क नक्की वापरून पाहावं. ते फुकट आहे.

पेस्ट करताना स्वल्पविरामाच्या जागी पत्ता तुटून वेगवेगळ्या रकान्यांत गेला तर घाबरू नका. थोड्या वेळापूर्वी ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ (एका रकान्यातला मजकूर स्वल्पविरामासारख्या खुणेवर तोडून अनेक रकान्यांत टाकण्याची सोय) वापरलेलं असतं आणि एक्सेलने ती खूण लक्षात ठेवलेली असते. एक्सेल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

नव्या एक्सेलमध्ये २०२३ पासून ऑप्शन्समधल्या ‘डेटा’ भागात आपोआप होणारे काही बदल बंद करता येतात. पुढची शून्यं गळणं आणि पंधरा आकड्यांनंतरची काटछाट त्याने थांबते. पण १२/३ साठी त्यावर विसंबू नका. मजकुराच्या तारखा होण्याने संशोधकांनाही छळलं आहे: ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजत असे, म्हणून मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली.

तारखा आणि रिकाम्या जागा

०३/०४/२०२४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे एक्सेल विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगवरून ठरवतं. ते ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा, म्हणजे रकमांचे स्वल्पविरामही लाख-कोटींच्या हिशोबाने पडतील. शक्य असेल तर डेटाबेसमधूनच तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने काढा, मग घोटाळ्याला वाव उरत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधून आणलेल्या तारखेच्या जागी नुसतं ००:००.० दिसलं तर तारीख हरवलेली नसते. रकान्याला तारखेचा फॉरमॅट द्या, ती दिसेल.

जिथे नोंद नाही तिथे ‘नल’ हा इंग्रजी शब्द उमटतो. कंट्रोल-एच घेऊन तो काढा, पण ‘मॅच एंटायर सेल कंटेंट्स’वर खूण करायला विसरू नका.

यादी मोठी असेल तर

हजारो ओळींसाठी कॉपी-पेस्ट टाळा. डेटाबेसमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) काढा, पण तिच्यावर डबल क्लिक करू नका. तसं केलं तर वरचे सगळे बिघाड होतात, मराठी नावं अगम्य चिन्हांत दिसू शकतात, आणि नंतर सेव्ह केलं की फाइलमध्ये ते कायमचे बसतात. त्याऐवजी ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, प्रकार ओळखण्याच्या जागी ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ करा आणि लोड करा. सगळं मजकूर म्हणून येईल. रकमेचे रकाने मग ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मधून आकड्यांत बदला. मजकुराचा आकडा करणं सोपं, उलटं अशक्य.

जुन्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी नोंदींची वेगळी काळजी घ्यावी लागते. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं मराठी आतून रोमन अक्षरांतच असतं, देवनागरी फक्त फॉन्ट दाखवतो. फॉरमॅट सोडून पेस्ट केलं की नावांच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात. त्या रकान्यापुरता तोच फॉन्ट पुन्हा द्या म्हणजे नावं वाचता येतील, पण यादी दुसऱ्या कार्यालयात पाठवायची असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक फॉन्टवर न अडणाऱ्या देवनागरीत, रूपांतर करून घ्या. समोरच्याच्या संगणकात तो फॉन्ट असेलच असं नाही.

यादी पाठवण्याआधी आलेल्या ओळी मोजून डेटाबेसमधल्या संख्येशी ताडा, रकमेची बेरीजही. सर्व्हे-हिस्स्याच्या रकान्यात काही उजवीकडे सरकलेलं दिसलं तर ती तारीख झालेली नोंद आहे, कारण एक्सेल मजकूर डावीकडे आणि आकडे-तारखा उजवीकडे ठेवतं. खाते क्रमांकांपैकी शेवटी शून्य असलेले चार-पाच काढून पासबुकाशी ताडून पाहा.