पंतचं लोणी

आम्ही पाच जण कॉलेजपासूनचे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डोंबिवलीत आमच्या गच्चीवर पावभाजी होते आणि तवा माझ्या ताब्यात असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी पंतने जाहीर केलं की दूध, दही, तूप, लोणी, मध, सगळं बंद. मांस-मच्छी तो आधीपासूनच खात नव्हता. बाळ्या म्हणाला, "म्हणजे आता कडबा घालायचा का तुला?" पंत हसला. त्या रात्री त्याने कोरडा पाव, कांदा आणि लिंबू एवढंच खाल्लं आणि जाताना मला म्हणाला, "मस्त झाली होती हं पावभाजी." भाजीला त्याने बोटही लावलं नव्हतं, कारण मी अर्ध्या किलोचं बटर तिच्यात आधीच ढकललं होतं. तो "मस्त" मला फार लागला.

तेव्हापासून जे करून पाहिलं ते इथे लिहितोय. मी आचारी नाही, आयुष्यभर हिशेब तपासत आलोय. म्हणून मापं ग्रॅममध्ये देतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्याच.

आधी भाजीचं बघू, ते सोपं आहे. बटर पावभाजीत तीन कामं करतं. कांदा-टोमॅटो परततं, वरून चकाकी आणतं आणि मीठ पुरवतं. तिसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही. तेलात केलेली भाजी "काहीतरी कमी आहे" अशी लागते, तेव्हा निम्म्या वेळा कमी असतं ते मीठच, कारण बाजारचं बटर खारट असतं. मी आता सगळी भाजी शेंगदाणा तेलात करतो. मिठाची एक चिमूट जास्त, काश्मिरी मिरची, रंगासाठी उकडताना बिटाची एक फोड, आणि शेवटी आठ-दहा भिजवलेल्या काजूंची गुळगुळीत पेस्ट. कसुरी मेथी तळहातावर चोळून टाका. ज्यांना बटर हवं त्यांनी आपापल्या ताटलीत वरून घ्यायचं. भांडं सगळ्यांचं एकच. पंतसाठी वेगळं पातेलं काढलं असतं तर तो दर महिन्याला पाहुणा झाला असता.

तव्याची पाळीही ठरलेली आहे. पहिले पाव पंतचे. मग बटर तव्यावर येतं आणि बाकीच्यांचा धिंगाणा सुरू होतो. मध्ये तवा घासत बसावा लागत नाही.

अडचण पावाची होती. बटरमध्ये भाजलेला पाव आणि तेलात भाजलेला पाव यांत फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून लोणी करायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला. डोक्याला लावायचं असतं तसलं खोबरेल, मीठ, हळद, सगळं फेटलं आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली. दिसायला अगदी पिवळंधमक बटर. गच्चीवर नेलं, पावाला सुरी लावेपर्यंत डबीत नुसतं तेल. महिना एप्रिल. खोबरेल साधारण २४ अंशाला वितळतं आणि आमच्या गच्चीवर रात्री आठलाही तीस असतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. वर तो वास. आमच्यातला डॉक्टर पाव हुंगून म्हणाला, "अरे, पावाला चंपी केलीस काय?"

वासाचा उपाय सोपा. रिफाइंड, म्हणजे वास काढलेलं खाण्याचं खोबरेल मिळतं, तेच घ्यायचं. वितळण्याचा उपाय मात्र मला गावात सापडला.

मी कुडाळचा. आमच्याकडे आजीच्या फळीवर कागदात गुंडाळलेला एक पांढुरका, अंड्याएवढा गोळा असायचा. मुठेल. काही जण भिंडेल म्हणतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेली चरबी काढायची आणि थंड होताना मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. थंडीत टाचा फुटल्या की आजी तो चुलीजवळ धरून टाचेवर घासायची. खायला म्हणून आमच्या घरी कुणी वापरल्याचं आठवत नाही, पण ते खाद्य आहे, चॉकलेट-मिठाईच्या धंद्यात वापरतात. महत्त्वाचं म्हणजे ते चाळिसाच्या आसपास वितळतं. गच्चीवर दगडासारखं उभं राहील असं लोणी करायला आणखी काय हवं? सावंतवाडी-कुडाळच्या बाजारात, कोकणी मालाच्या दुकानांत मिळतं. घेताना स्पष्ट विचारा, खायचं आहे की पायाला लावायचं. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातलं घेऊ नका.

आता माप. रिफाइंड खोबरेल ११० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३० ग्रॅम, मुठेल २० ग्रॅम. झाले १६०. काजूचं दाट दूध ३६ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम. एकूण दोनशे, म्हणजे ८० टक्के स्निग्धांश. दुधाच्या बटरलाही किमान तेवढाच लागतो, हा हिशेब जुळला तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. शिवाय तेल आणि दूध एकत्र धरून ठेवायला अर्धा छोटा चमचा सोया लेसिथिन, केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. आणि रंगाला हळद, पण सुईच्या टोकाएवढी. जास्त झाली तर पाव पिठल्यासारखा दिसतो.

काजूच्या दुधासाठी दहा-बारा काजू दोन तास भिजवा. पाणी काढून टाका, दोन मोठे चमचे ताजं पाणी आणि एक छोटा चमचा व्हिनेगर घालून चटणीच्या भांड्यात गंधासारखं वाटा. त्यातलं ३६ ग्रॅम घ्या. व्हिनेगरऐवजी पंतच्या बायकोने शेंगदाण्याच्या दह्याचं पाणी घातलं होतं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं, हे कबूल करतो. शेंगदाण्याच्या कोमट दुधात हिरव्या मिरचीची चार देठं टाकून रात्रभर ठेवलं की ते दही लागतं. त्याचा आंबूसपणा घरच्या लोण्याच्या जास्त जवळ जातो.

मुठेल किसून खोबरेलात घाला आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट गॅसवर नको. मुठेल वितळायला वेळ लावतं, तळाशी काचेच्या खड्यासारखे कण राहतात, ते पूर्ण विरघळू द्या. मग शेंगदाणा तेल आणि लेसिथिन घाला. आता थांबा. तेलात करंगळी घातली की नुसती कोमट लागली पाहिजे आणि काजूचं दूधही तितकंच कोमट हवं. माझ्या दोन खेपा इथेच वाया गेल्या. तेल गरम आणि दूध फ्रिजमधलं असलं की मिश्रण फाटतं, वर तेल तरंगतं आणि खाली दह्याच्या कण्या. फाटलंच तर टाकू नका. सगळं परत कोमट करून फिरवा, निम्म्या वेळा जुळून येतं.

दूध, मीठ आणि हळद मिक्सरमध्ये फिरत असताना झाकणाच्या भोकातून तेल धारेनं सोडायचं. धार शेवयांएवढी. आवाज बदलतो. आधी पाणी फिरल्यासारखा खळखळाट असतो, मग तो जाड होत जातो आणि शेवटी मिक्सर घोगरा बोलतो. तिथे बंद करा. लगेच भांडं बर्फाच्या पाण्यात धरून चमच्याने ढवळत राहा, पाच-सात मिनिटं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि तो टाळला की दुसऱ्या दिवशी लोण्याला पाण्याचे थेंब सुटतात. दाट साय होऊ लागली की डबीत ओता, तासभर फ्रीझर, मग फ्रिज. आठ-दहा दिवस टिकतं. काजूचं दूध आहे, बाहेर ठेवून विसरू नका.

मुठेल वाढवायचा मोह होईल. मी एकदा ४० ग्रॅम घातलं. लोणी भर उन्हात उभं राहिलं, पण टाळूला मेणासारखं चिकटलं आणि गरम चहाशिवाय सुटेना. थंडीत उलट दहाच ग्रॅम पुरतं.

पाव भाजताना आच मध्यम. पाव मधून उघडा, दोन्ही बाजूंना सुरीने पातळ लावा आणि तव्यावर पालथा टाकून तळहाताने हलकेच दाबा. काजूमुळे कडा खमंग लाल होतात. मोठ्या आचेवर त्याच कडा करपतात. वर पावभाजी मसाल्याची चिमूट. डॉक्टरला न सांगता दिला, तर त्याने दुसरा मागितला. सांगितल्यावर म्हणाला, "चंपी नाही ना?"

डॉक्टरचंच एक म्हणणं इथे लिहितो, कारण लोक यात फसतात. या लोण्यात कोलेस्टेरॉल नाही हे खरं, पण खोबरेलातली नव्वद टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, लोण्यापेक्षाही जास्त. हृदयासाठी बटर सोडलं असेल तर हे खाऊन काही साधणार नाही, शेंगदाणा तेलच बेताने वापरा. पंतने गायी-म्हशींसाठी सोडलंय, त्याला चालतं.

आता पावाकडे. आमच्या नेहमीच्या बेकरीवाल्याला एक वर्ष विचारलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, दूध पावडर असते की थोडी. पंत बारा महिने आमच्या भरवशावर पाव खात होता. मी त्याला लगेच सांगितलं. लपवायचा मोह झाला होता. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "दुसरी बेकरी शोध." शोधली. तेव्हा विचारताना दोन प्रश्न विचारा, पिठात काय आणि वरून काय लावता.

पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे कामाचा नाही, तो दूध-तुपालाही मिळतो. २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे सरकारी नियम आले, त्यांचं हिरवं 'व्ही' चिन्ह असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर घटकांच्या शेवटी ठळक अक्षरांत ॲलर्जीची ओळ असते, तिथे दूध आहे का ते बघा. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स ही सगळी दुधाचीच बाळं. 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्येही केसीन असू शकतं. आणि फ्रोझन डेझर्टमध्ये चरबी वनस्पतीची असली तरी बहुतेकदा दुधाचे घटक असतात. बाळ्याने ते मोठ्या प्रेमाने पंतसाठी आणलं होतं, शेवटी त्यानेच एकट्याने संपवलं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डालडा आहे की. आहे, आणि तो वनस्पतीचाच. तुपात डालडा मिसळला तर चाचणीत लाल रंग येऊन पकडता यावा म्हणून त्यात तिळाचं तेल घालायची कायद्याने सक्ती होती, हे वडिलांकडून ऐकलेलं मला फार आवडायचं. पण पावाला डालडा लावून बघा एकदा. तोंडात गोठतो.

पावभाजी सोडून बाकी दिवशी लोण्याची गरजच पडत नाही, हे मला उशिरा कळलं. थालीपिठावर लोण्याचा गोळा हवा असतो, तिथे तिळकूट किंवा कारळ्याची चटणी घ्या, मध्ये खळगा करून कच्चं शेंगतेल ओता. पिठलं, भाकरी, ठेचा यांत बदलायचं काय? पुरणपोळीबरोबर नारळाचं दूध आमच्याकडे पूर्वीपासून आहे. गोड हवं तर शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, खापरोळ्या म्हणजे जाड जाळीदार घावन, आणि नारळाचा रस. पंत पहिल्यांदा कुडाळला आला तेव्हा आईला घाबरत म्हणाला, "काकू, मला दुधातलं चालत नाही." आई म्हणाली, "मग सोलकढी घे." तिला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. चहा तेवढा दुधाचा नको म्हणून तिने कोरा चहा केला, गवती चहाची पात घालून.

बोलावताना एक पथ्य पाळा. "तू काय खातोस?" असं विचारू नका. तो "काहीही चालेल रे" म्हणतो आणि येताना घरून खाऊन येतो. त्यापेक्षा "पिठलं-भाकरी आणि खापरोळ्या करतोय, येतोस?" असं विचारा. आणि जेवताना प्रोटीनची चौकशी नको. बाळ्या ती अजून करतो. पंत त्याला त्याचा कंबरेचा घेर विचारतो.

मुठेल एकदम दोन-तीन गोळे आणून ठेवावं, मुंबईत ऐन वेळी मिळत नाही. यंदा जानेवारीत लोणी करायला बसलो तर डब्यातला गोळा अर्धा झालेला, एका बाजूने गुळगुळीत घासलेला. बायकोला विचारलं. ती टाचा दाखवत म्हणाली, "किती छान भरल्यात बघ." आता दोन डबे आहेत, झाकणावर मार्करने लिहिलंय. एकावर 'पंत', दुसऱ्यावर 'पाय'.