कधीमधी वाचणाऱ्याने रहस्यकादंबरी कशी निवडावी

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तक घेताना मुखपृष्ठावरच्या पिस्तुलाला भुलू नका. पहिली चार-पाच पानं दुकानातच उभ्या उभ्या वाचा. तेवढ्यात काही बिनसलं नाही, एखादा प्रश्न डोक्यात घुसला नाही, तर पुस्तक परत ठेवा. प्रकरणं आठ-दहा पानांची असली की नांदेड-परभणी प्रवासातही दोन-तीन सहज होतात. पात्रांची गर्दी मात्र टाळाच. आठवड्याने पुस्तक पुन्हा हातात घेतलं की कोण कुणाचा मेव्हणा हेच आठवत नाही, आणि मग सगळी मजाच जाते. मोठी कादंबरी झेपेल का अशी शंका असेल, तर शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथांपासून सुरुवात करा. मराठी अनुवाद मिळतात. एका बैठकीत एक प्रकरण निकाली निघतं.