हकावातीसारखी गोष्ट कशी सांगायची (यंदा गणपतीत ट्राय करा)

इंदुरात आपल्या मंडळांत गणपतीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात दरवर्षी अकबर-बिरबलच कशाला, एखादी अरबी गोष्ट घ्या आणि हकावातीसारखी सांगा. हकावाती म्हणजे दमास्कसकडे कॉफीच्या दुकानात उंच खुर्चीवर बसून रोज रात्री गोष्ट थोडी थोडी पुढे नेणारा माणूस.

अलीबाबा, अल्लादीन नको, ते सगळ्यांना पाठ आहे. अंतरची घ्या, अंतर म्हणजे जुना अरबी योद्धा आणि कवी. आई हबशी गुलाम, बाप अब्स टोळीतला मोठा माणूस पण पोराला आपला म्हणायला तयार नाही, आणि पोराचं प्रेम चुलतबहिणीवर, अब्लावर (इथे काकू मंडळींत कुजबुज होणारच, तिकडे चालायचं ते एवढं सांगून पुढे सरका).

सुरुवात 'कान या मा कान' अशी, आपल्या 'आटपाट नगर होतं' सारखीच. ठसक्यात म्हणा. पाठ नसेल तर कागद धरा, लाज कसली, एडवर्ड लेन या इंग्रज लेखकाने १८३६ च्या पुस्तकात कैरोचं लिहिलंय की अबू झैद या दुसऱ्या अरबी वीराची गोष्ट सांगणारे रबाब (तंतुवाद्य) वाजवत तोंडपाठ म्हणायचे पण अंतरवाले सरळ पुस्तकातून वाचायचे. फक्त कविता आली की सूर लावायचा आणि बाकीचं गप्पा मारल्यासारखं.

आता मेन गोष्ट, थांबायचं कुठे. शत्रू चालून आलाय, बाप ओरडतो, अंतर, तुटून पड! अंतर म्हणतो, गुलामाला लढाई काय कळते, त्याला दूध काढता येतं फक्त. बस, इथे काठी आपटा आणि उठा. बापाचं उत्तर, 'लढ, तू आजाद आहेस', हे आज द्यायचंच नाही, पोरं कितीही 'भिया, फिर क्या हुआ' करू देत. हकावातींचा एक किस्सा सांगतात, एकाने अंतरला कैदेत ठेवून दुकान सोडलं तर ऐकणारा मध्यरात्री त्याच्या घरी थडकला, आत्ताच्या आत्ता सोडव त्याला म्हणून. एवढी चिडचिड झाली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मागची कथा उगाळत बसू नका, काठी आपटून थेट बापाच्या उत्तरापासून सुरू करा. आणि मंडळाने एकच दिवस दिला असेल तर अर्धी आरतीच्या आधी, उरलेली प्रसाद वाटून झाल्यावर, म्हणजे प्रसाद घेऊन कोणी सटकत नाही.