पोर्शे ९११च्या दोन पिढ्या एकाच रस्त्यावर कशा पारखाव्यात
पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या २००४ साली आलेल्या ‘९९७’ आणि २०११ साली आलेल्या ‘९९१’ या लागोपाठच्या पिढ्यांची तुलना बडोद्यात करायची असेल, तर सुरुवात टायरपासून करावी. टायरच्या कडेवरील चार आकडे पाहावेत; ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका गाडीचे टायर जुने होऊन कडक झाले असतील, तर परीक्षा गाडीची न होता रबराची होते. हवा टायर थंड असतानाच भरावी.

रस्ता एकच असावा. आम्ही पहाटे हालोलमार्गे पावागडला जातो आणि पायथ्यापासून माचीपर्यंतचा वळणावळणाचा चढ, वेगमर्यादा पाळून, आधी जुन्या आणि लगेच नव्या गाडीने चढतो. खरा फरक स्टिअरिंगमध्ये आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा: ‘९९७’चे स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असल्याने डांबरावरचे ठिगळ पुढच्या चाकाखालून जाताना तळहाताला बारीक थरथर जाणवते, तर ‘९९१’च्या विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये ती बरीचशी गाळली जाते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १०० मिलिमीटरने वाढल्यामुळे मात्र नवी गाडी वळणात अधिक स्थिर वाटते. आवाजाला फार महत्त्व देऊ नये.

उतरल्यावर, एकमेकांशी बोलण्यापूर्वी, प्रत्येकाने आपली निरीक्षणे वहीत लिहावीत. मग गाड्यांचा क्रम उलटा करून तीच फेरी पुन्हा घ्यावी.