एमएलबी द शो: ओव्हरऑल नंतर बघा, आधी पिचरचा हात बघा

‘एमएलबी द शो’ या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये डायमंड डायनेस्टी, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून आपला संघ उभा करायचा मोड, सुरू करणारे बहुतेकजण लाइनअप एकाच पद्धतीने लावतात: ओव्हरऑल (कार्डावरचा एकूण गुण) मोठं तो आत, लहान तो बाहेर. मग सटासट स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) होतात आणि खापर कंट्रोलरवर फुटतं. ओव्हरऑलमध्ये फिल्डिंग, आर्म (फेकीचा जोर), स्पीड सगळंच मिसळलेलं असतं. झकास ओव्हरऑलचा कॅचर बॅट हातात घेतल्यावर अगदीच बेताचा निघू शकतो. कार्ड उघडून आतले आकडे वाचा.

झोन बॅटिंगमध्ये स्टिकने जी खूण हलवता ती पीसीआय, आणि तिचा आकार ठरतो काँटॅक्टवर, म्हणजे चेंडूला बॅट लावण्याच्या कौशल्याच्या आकड्यावर. पण काँटॅक्टचे आकडे दोन असतात, एक आर आणि एक एल. खरी गोची इथेच होते. हे आर-एल बॅटरच्या हाताचं नाही, समोरच्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हाताचं आहे: आर म्हणजे उजवा पिचर, एल म्हणजे डावरा. डावखुरा बॅटर दिसला की नवखा एलचा आकडा बघतो आणि खूश होतो. पिचर उजवा असेल तर तो आकडा त्या वेळी काहीच कामाचा नाही. समजा काँटॅक्ट आर 95 आणि एल 55 आहे. उजव्या पिचरसमोर हा बॅटर राजा. सातव्या इनिंगला समोरच्याने बुलपेनमधून (राखीव पिचरांमधून) डावरा आणला की तोच बॅटर, तेच कार्ड, पण पीसीआय आक्रसलेला. तुमचा हात बिघडलेला नसतो, आकडा बदललेला असतो. स्विच हिटर (दोन्ही बाजूंनी खेळणारा बॅटर) बाजू बदलून उभा राहतो, तरी आकडा पिचरच्या हाताचाच लागतो. पॉवरचंही तसंच, आर आणि एल वेगळे.

पटत नसेल तर कस्टम प्रॅक्टिसमध्ये जा. पिचर उजवा, डिफिकल्टी (अवघडपणाची पातळी) ऑल-स्टार. आधी काँटॅक्ट आर 100 च्या आसपासचा बॅटर घ्या, मग 60 चा. स्विंग करू नका, नुसती खूण बघा. तीच डिफिकल्टी त्याहून अवघड लेजंडवर न्या, खूण आणखी लहान होईल. म्हणूनच ‘पहिल्या दिवसापासून लेजंडवरच खेळ’ असं सांगणाऱ्या गुरूंपासून चार हात लांब राहा.

पॉवर वाढली म्हणून चेंडू लागण्याची शक्यता वाढत नाही; लागला तर किती जोरात जाईल एवढंच ती बघते. हे आकडे आभाळातून पडत नाहीत, मैदानावरच्या कामगिरीवरून येतात. काइल श्वार्बरने 2023 मध्ये 47 होमरन मारले, पण सरासरी .197 आणि स्ट्राइकआउट 215. त्याच मोसमात लुइस अराएझची सरासरी .354, स्ट्राइकआउट फक्त 34, होमरन 10. पहिल्या महिन्यात अराएझच्या जातीचे बॅटर घ्या. होमरनचा मोह सुटत नाही, माहीत आहे. पण श्वार्बर छापाचा बॅटर टायमिंग पक्कं झालेल्यांसाठी आहे. पॉवर स्विंगचं बटण तर सध्या विसराच, त्याने पीसीआय आणखी लहान होतो. दोन स्ट्राइक पडल्यावर काँटॅक्ट स्विंग वापरायला हरकत नाही. जोर कमी मिळतो, पण खूण मोठी होते.

कार्डावरचा व्हिजनचा आकडा कमी असेल तर बॅट हवेतच फिरते. चांगलं असेल तर निदान फाऊल निघतो आणि तुम्ही जिवंत राहता. डिसिप्लिनच्या आकड्याचा उपयोग मुख्यतः स्विंग अर्ध्यात थांबवताना. चेंडू ओळखणं मात्र कुठलंच कार्ड करून देत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना सोडलेला चेंडू वाया गेल्यासारखा वाटतो. इथे स्ट्राइक झोनबाहेरचे चार चेंडू (‘बॉल’) सोडले की फर्स्ट बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. त्याच 2023 मध्ये श्वार्बरने 126 वॉक काढले होते.

धावपटू सेकंड किंवा थर्डवर आला की पीसीआयच्या हिशेबात क्लच, म्हणजे अशा मोक्याच्या वेळचा आकडा, येतो. क्लच पडका असलेला बॅटर चौथ्या नंबरवर ठेवू नका, कितीही मोठं नाव असो.

स्टब्ज (गेममधलं चलन, ज्याने कार्डं घेता येतात) पैसे देऊन विकत घेऊ नका. 99 चं कार्ड आलं तरी बाहेर वळणाऱ्या स्लायडर चेंडूमागे धावणारा अंगठा तुमचाच असतो. प्रत्येक स्विंगनंतरचा फीडबॅक वाचा: टायमिंग ‘गुड’ आणि तरी फ्लाय आउट (उंच उडालेला झेल) झाला, तर चेंडूचा ठिपका पीसीआयच्या कडेला किंवा बाहेर पडलेला दिसेल. असे आउट सुरुवातीला ढिगाने होतात, सगळ्यांचेच.

बेंचवर एक जागा मात्र काँटॅक्ट एल आणि पॉवर एल दोन्ही तगडे असलेल्या बॅटरसाठी राखा. फिल्डिंग शून्य असली तरी चालेल, त्याला डावऱ्या रिलीव्हरसमोर (मध्येच आलेल्या राखीव पिचरसमोर) एकदाच उभं राहायचं आहे.